जांभ्याच्या सड्यावरची वनस्पती-पाहणी : प्रकल्प नोंदी, मे ते नोव्हेंबर

४ मे. जागा आणि आखणी

जागा : रत्नागिरी तालुक्यातला जांभ्याचा सडा, म्हणजे कातळाचं सपाट पठार. उघडा कातळ, मधूनमधून खळगे, कडेला करवंद आणि आटकीची झुडपं. सात-बारावर यातली बरीचशी जमीन पोटखराबा म्हणून लागलेली आहे. इथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. इतकं पाणी असूनही झाड उभं राहत नाही, कारण मुळं धरायला माती नाही. म्हणून पाहणीचा मुख्य प्रश्न हा : मातीची खोली आणि पाणी साचून राहण्याचा काळ या दोन गोष्टींवरून कुठे कोणती वनस्पती उगवेल हे सांगता येतं का?

त्यासाठी सडा पाच प्रकारच्या जागांमध्ये विभागला :

क – उघडा कातळ, माती जवळपास शून्य
ख – २ सें.मी.पर्यंत माती, पाऊस थांबला की दिवसभरात सुकणारी
ग – २ ते १० सें.मी. माती, सतत पाझर असलेली
घ – पाणी साचणारे खळगे आणि डबकी
च – १० सें.मी.हून खोल माती, भेगा आणि कड्यालगतचा भाग

प्रत्येक प्रकारात सारख्याच संख्येने चौकटी (आतल्या वनस्पती मोजण्यासाठी जमिनीवर ठेवायचे १ मीटर बाजूचे चौकोन) घ्यायच्या. फुलं दिसतील तिथे चौकट टाकण्याचा मोह होतो आणि तसं केलं की सगळे आकडे फुगतात. म्हणून नकाशावर १० मीटरची जाळी आखून चिठ्ठ्यांनी ठिकाणं काढली.

जमीनमालकांची लेखी परवानगी घेतली आणि ग्रामपंचायतीला कळवलं. सड्यावर कातळशिल्पं असण्याची शक्यता असते, म्हणून आधी पूर्ण सडा फिरून पाहिला. जिथे कोरलेली रेष दिसेल तिथून ५ मीटरच्या आत कोणतीही चौकट किंवा खूण नाही, हा नियम ठरवला.

१९ मे. आगोटीपूर्वीची माती आणि बियांचा साठा

कातळावर दुपारी हात ठेववत नाही आणि दिसायला सगळं करपलेलं. तरी बियाणं इथेच आहे. सड्यावरच्या बहुतेक वनस्पती वर्षायू आहेत, म्हणजे कोरडा काळ त्या फक्त बी म्हणून काढतात. दुसरा गट कंद जमिनीत ठेवून वरचा भाग वाळू देतो. तिसरा गट अगदी लहान, पण फार महत्त्वाचा, त्याची नोंद जूनमध्ये येईल.

बियांचा साठा तपासण्याची पद्धत : ख, ग, घ आणि च प्रकारांतून १० × १० सें.मी. क्षेत्रातली वरची २ सें.मी. माती खरवडून कागदी पिशवीत. प्लास्टिकची पिशवी नको, थोडाही ओलावा असेल तर बुरशी धरते. खडे चाळून काढायचे. ट्रेमध्ये २ सें.मी. धुतलेली वाळू आणि तिच्यावर ही माती अर्ध्या सें.मी.पेक्षा जाड न होईल अशी पसरायची. जाड थर दिला तर खालचं बी उगवत नाही. गेंद (गोलसर पांढऱ्या फुलोऱ्याची ठेंगणी वनस्पती) आणि सीतेची आसवे (किडे खाणारी वनस्पती) यांचं बी धुळीसारखं बारीक असतं, त्याच्यात साठवलेलं अन्न नगण्य, त्यामुळे ते उजेड मिळेल अशा पृष्ठभागावरच रुजतं.

सोबत एक ट्रे फक्त भाजलेल्या वाळूचा ठेवला. त्यात काही उगवलं तर ते वाऱ्याने आलेलं बी, आणि तेवढी जात बाकी ट्रेंच्या मोजणीतून वजा. पाणी विहिरीचं नको. ट्रेला भोकं पाडून तो पावसाच्या साठवलेल्या पाण्यात बुडाशी उभा ठेवायचा, म्हणजे पाणी खालून वर चढतं. वरून झारीने पाणी घातलं की बारीक बी एका कोपऱ्यात वाहून जातं.

९ जून. मृगाचा पहिला पाऊस

तिसरा गट आज दिसला. ट्रिपोगॉन हे बोटभर उंचीचं गवत मे महिन्यात तपकिरी, चुरगळलेलं, मेल्यासारखं असतं. त्याची पानं वाळताना जवळजवळ सगळं पाणी गमावतात, तरी पेशींची पटलं आणि प्रथिनं शाबूत राहतात. पाणी मिळालं की तेच जुनं पान पुन्हा हिरवं होतं, नवं पान फुटायची वाट पाहावी लागत नाही. बहुतेक फुलझाडांना हे जमत नाही. वाळलेला झुबका घरी आणून बशीत पाण्यावर ठेवला तर हा बदल दर दोन तासांनी फोटो काढून नोंदवता येतो. पानं उलगडतात लवकर, हिरवी व्हायला जास्त वेळ घेतात. उलगडणं हे निव्वळ पाणी शोषणं आहे. हिरवेपणा परत यायला पेशींचं काम सुरू व्हावं लागतं. या दोन वेळा वेगळ्या लिहाव्यात.

कातळावरचे काळे डागही याच तंत्राने जगतात. ते डाग म्हणजे निळ-हरित जिवाणू आणि दगडफूल. हवेतला नायट्रोजन बांधणाऱ्या जातींमुळे क प्रकारच्या उघड्या दगडावर अन्नद्रव्यांची पहिली भर पडते. चौकटीत पानं नाहीत म्हणून ‘काही नाही’ असं लिहू नये. डागांचं आच्छादन टक्क्यांत लिहावं.

१७ जून

दीपकाडी फुलली आहे. पांढरी फुलं, जमिनीतला कांदा, पावसाच्या सुरुवातीलाच फुलून मोकळी होणारी. डिपकॅडी कोंकनेन्स ही जात फक्त कोकण पट्ट्यातल्या सड्यांवर आणि आसपास मिळते. कांद्यात साठा तयार असल्यामुळे तिला पानांच्या कमाईवर अवलंबून राहावं लागत नाही. गवत उंच होऊन फुलं झाकण्याआधी तिचं परागीभवन उरकतं. तिची मोजणी जूनमध्येच करायला हवी. ऑगस्टमध्ये गवतात ती सापडत नाही आणि यादीतून निसटते.

कांदा उपटून पाहायचा नाही. पान, फूल आणि पट्टी ठेवलेला फोटो एवढं पुरतं.

६ जुलै. चौकटी

चौकट : अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे आतून १ मीटर भरतील असे चार तुकडे आणि चार एल्बो. पाइपला दर १० सें.मी.वर भोक पाडून नायलॉन दोरी ओवली की १०० घरं होतात. एल्बो चिकटवायचे नाहीत, म्हणजे झुडपाभोवती चौकट उघडून बसवता येते. पाइपला खालून आणखी भोकं पाडावीत, नाहीतर आत पाणी भरतं आणि उतारावर चौकट सरकते. वाऱ्यासाठी चार कोपऱ्यांवर दगड.

चौकटीची जागा पुढच्या खेपेला सापडणं ही सड्यावरची खरी अडचण. जांभ्यात खिळा ठोकला तर कड फुटते आणि त्याच फटीतली माती वाहून जाते. रंगही नको. दोन न हलणारे ठळक खडक निवडून दोघांपासून चौकटीच्या एकाच कोपऱ्यापर्यंत टेपने अंतर घ्यायचं. दोन अंतरं आणि होकायंत्राची दिशा लिहिली की कोपरा हातभराच्या आत सापडतो. फोनचं जीपीएस ३ ते ५ मीटर चुकतं. १ मीटरच्या चौकटीसाठी ते एकटं पुरेसं नाही.

प्रत्येक चौकटीत :
– मातीची खोली पाच ठिकाणी. विणायची स्टीलची सुई सरळ खाली दाबायची, टोक दगडाला लागलं की मोजायचं. तिरकी गेली तर खोली जास्त दिसते. सरासरीबरोबर सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडाही लिहायचा.
– सुट्या वनस्पतींची मोजदाद. गवताचा झुबका एक धरायचा की दहा, यावर वाद घालत बसू नये. गवतासाठी मोजणी सोडून १०० पैकी किती घरांत ते आहे, एवढं लिहावं.
– साचलेल्या पाण्याची खोली आणि चौकटीचा उभ्याने काढलेला फोटो.

गणित उदाहरणादाखल : २० चौकटींपैकी ८ चौकटींत गेंद आणि एकूण रोपं १२०. वारंवारता ८ ÷ २० × १०० = ४० टक्के. घनता १२० ÷ २० = ६ रोपं प्रति चौ. मीटर. विपुलता १२० ÷ ८ = १५, म्हणजे जिथे आहे तिथे सरासरी १५. वारंवारता कमी आणि विपुलता जास्त असेल तर ती वनस्पती घोळक्याने वाढते. गेंदाचं तसंच आहे, कारण पाझराची जागाच पट्ट्यापट्ट्याने असते. नुसती घनता छापली तर ही गोष्ट लपते.

चौकटी किती पुरेशा, हे क्षेत्र-जाती आलेखावरून ठरवायचं. आडव्या अक्षावर चौकटींची संख्या, उभ्यावर आतापर्यंत सापडलेल्या एकूण जाती. रेघ आडवी होत आली की थांबायचं. क प्रकारात ती लवकर आडवी होते, ग प्रकारात बराच वेळ चढत राहते. पाचही प्रकारांचा आलेख एकत्र काढला तर हा फरक दिसत नाही, म्हणून वेगळे काढावेत.

२५ जुलै. पाणी आणि माती

पावसाचं शुद्ध पाणीही थोडं आम्लधर्मी असतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून सामू (पीएच) ५.६ च्या आसपास येतो. डबक्यातल्या पाण्यात क्षार फार कमी, त्यामुळे सामू-मापकाचा आकडा बराच वेळ हलत राहतो. मापक ४ आणि ७ च्या द्रावणांत जुळवून घ्यायचं, त्याच डबक्याच्या पाण्याने टोक विसळायचं, मग न ढवळता तीन ते पाच मिनिटं थांबायचं. पहिल्याच सेकंदाचा आकडा लिहिला तर तो आधीच्या द्रावणाचा असतो.

वेळ नक्की ठेवणं त्याहून महत्त्वाचं. उन्हात शेवाळ प्रकाशसंश्लेषण करतं, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वापरतं आणि दुपारपर्यंत सामू चढतो. रात्री श्वसन चालू राहतं आणि तो पुन्हा उतरतो. एक डबकं सकाळी आणि दुसरं दुपारी मोजून तुलना केली तर ती डबक्यांची न राहता घड्याळाची तुलना होते. सगळी मोजणी सकाळी आठ ते नऊमध्ये.

मातीसाठी : २ मि.मी. चाळणीतून गाळलेली, सावलीत वाळवलेली २० ग्रॅम माती, ५० मि.ली. ऊर्ध्वपातित पाणी, अर्धा तास अधूनमधून ढवळून मोजणी. जांभ्यावरची माती आम्ल येते, आणि तिचं कारण जांभा बनण्यातच आहे. मुसळधार पाऊस आणि उष्णतेमुळे मूळ खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि सिलिका धुऊन गेले, मागे राहिले लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. लाल रंग त्या लोहाचा. स्फुरद (फॉस्फरस) थोडंफार असतं, पण लोह-ॲल्युमिनियम ते घट्ट धरून ठेवतात, मुळांना देत नाहीत. पुढच्या नोंदीतल्या वनस्पती इथेच का, याचं उत्तर या ओळीत आहे.

१६ ऑगस्ट. किडे खाणाऱ्या वनस्पती

ग प्रकारात आता सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा पट्टा आहे. या प्रजातीला, म्हणजे युट्रिक्युलॅरियाला, खरं मूळच नसतं. जमिनीत बारीक धाग्यासारखे फाटे आणि त्यांवर मिलिमीटरभराच्या किंवा त्याहून लहान पिशव्या. पिशवी आतलं पाणी बाहेर फेकून आत कमी दाब तयार ठेवते. दारावरच्या केसांना बारीक जीव लागला की दार एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात उघडतं आणि पाणी जिवासकट आत ओढलं जातं. पुन्हा सज्ज व्हायला साधारण अर्धा तास लागतो.

पाहण्याची रीत : एकाच ठिकाणचा ३ सें.मी. रुंदीचा मातीचा गठ्ठा चमच्याने उचलायचा, बशीत पावसाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायचा, मऊ ब्रशने माती सैल करायची. रोप ओढलं तर पिशव्या मातीत राहतात आणि हातात फक्त देठ येतो. सूक्ष्मदर्शकाखाली ४० पट मोठं करून पाहिलं की पिशवी, दार आणि कधी आत अडकलेला जीव दिसतो. हवेचा बुडबुडा शिरलेली पिशवी काळी दिसते. ते भक्ष्य समजू नये. पाहून झालं की गठ्ठा त्याच खळग्यात परत.

दवबिंदू ही दुसरी किडे खाणारी वनस्पती इथे दोन तऱ्हेची : जमिनीलगत पानांचं चक्र धरणारा ड्रोसेरा बर्मानी आणि उभा वाढणारा ड्रोसेरा इंडिका. चिकट थेंबाला किडा चिकटला की आसपासचे केस त्याच्याकडे वळतात, पाचक रस सुटतो.

विद्यार्थ्यांच्या वह्यांत एक गैरसमज हमखास दिसतो : ‘या वनस्पती अन्नासाठी किडे खातात.’ ऊर्जा त्या सूर्यापासूनच घेतात, पानं हिरवी आहेत. किड्यांतून मिळतो तो नायट्रोजन आणि स्फुरद. अन्नजाळ्याच्या चित्रात त्यांना उत्पादकांच्या ओळीतच ठेवायचं आणि किड्यांकडून येणारा बाण वेगळ्या रंगाने काढून त्यावर ‘खनिजं’ लिहायचं.

गुरांच्या वाटेवर मात्र हे दोन्ही नाहीत, तिथे टाकळा दाट आहे. शेणातून खनिजं मिळाली की झपाट्याने वाढणारी झाडं सावली धरतात आणि या ठेंगण्या वनस्पती मागे पडतात. सापळे बनवण्याचा खर्च गरीब मातीतच परवडतो. सड्यावर ‘सुधारणा’ म्हणून गाळाची माती किंवा खत टाकलं जातं तेव्हा नेमकी हीच वस्ती नाहीशी होते, आणि ती पुन्हा आणता येत नाही. चौकटींत वाट जिथे आडवी जाते तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

५ सप्टेंबर. पर्णरंध्रं आणि गवताचं पान

पर्णरंध्रांचा ठसा : पान कोरडं पुसून खालच्या बाजूला बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ थर, पंधरा मिनिटं वाळवणं, वर पारदर्शक चिकटपट्टी दाबून अलगद सोलणं, पट्टी काचपट्टीवर. सप्टेंबरच्या दमट हवेत पॉलिश दुधाळ होतं, कारण वाळताना त्यात ओलावा शिरतो. पंख्याखाली वाळवलं की ठसा स्वच्छ येतो. केसाळ पानावर ही पद्धत चालत नाही.

मोजणी : नेत्रभिंगावर क्षेत्रांक (दृश्यक्षेत्राचा व्यास, मि.मी.मध्ये) १८ असेल आणि वस्तुभिंग ४० पटीचं असेल तर दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास १८ ÷ ४० = ०.४५ मि.मी., क्षेत्रफळ सुमारे ०.१५९ चौ. मि.मी. वर्तुळात ८ रंध्रं दिसली तर घनता सुमारे ५० प्रति चौ. मि.मी. काठावर अर्धी दिसणारी रंध्रं वर्तुळाच्या एका अर्ध्या काठावरची धरायची, दुसऱ्याची सोडायची. कवला या पिवळ्या फुलांच्या रोपाच्या पानात रक्षक पेशी (रंध्राच्या दोन्ही कडांच्या पेशी) घेवड्याच्या बीसारख्या, गवतात डंबेलसारख्या. पोटरीत आलेलं गवत घ्यावं, वाळायला लागलेलं नको.

डिमेरिया आणि इस्केमम या गवतांचा आडवा छेदही घेतला. पान गाजराच्या चिरेत धरून नव्या ब्लेडने पातळ काप. शिरांभोवती मोठ्या हिरव्या पेशींचं कडं दिसतं. दुपारी उन्हातलं पान तोडून, पाण्यात मिनिटभर उकळून, गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरिटच्या भांड्यात हिरवा रंग काढून (स्पिरिटखाली ज्योत कधीही नाही) आयोडीन घातलं की पिष्टमयाचा काळा-निळा रंग मुख्यतः त्या कड्यात उठतो. कार्बन डायऑक्साइड आधी बाहेरच्या पेशींत पकडून आत कड्यात एकवटण्याची ही व्यवस्था. तिच्यामुळे गवत रंध्रं कमी उघडून, म्हणजे कमी पाणी गमावून, तेवढीच कमाई करतं. पाऊस आठ दिवस ओढ देतो तेव्हा ख प्रकारात गवतच का टिकतं, हे इथे समजतं.

आयोडीनचं द्रावण : २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड थोड्या पाण्यात विरघळवून त्यात १ ग्रॅम आयोडीन, मग ३०० मि.ली. करणं. आयोडीन आधी टाकलं तर विरघळत नाही, तळाशी बसतं.

२६ सप्टेंबर. विविधता निर्देशांक

शॅनन निर्देशांक काढताना जातींची संख्या आणि त्यांची वाटणी दोन्ही येतात. तीन जाती, प्रत्येकी १० रोपं : निर्देशांक १.१०. तीनच जाती, पण २८, १, १ : ०.२९. घ प्रकारातल्या डबक्यांत एकच जात सगळी जागा व्यापते, त्यामुळे तिथला आकडा खाली येतो. त्यावरून डबकी कमी मोलाची ठरवणं चूक आहे. तिथली जात दुसऱ्या कोणत्याही प्रकारात उगवत नाही. निर्देशांकाशेजारी ‘फक्त इथेच सापडणाऱ्या जाती’ हा रकाना हवाच.

१४ ऑक्टोबर. गवताचं वजन

चित्रा नक्षत्र, सडा पिवळा पडला आहे. फक्त च प्रकारातल्या गवतातून २५ × २५ सें.मी.च्या तुकड्यातलं जमिनीवरचं सगळं कापलं. हे ०.०६२५ चौ. मीटर, म्हणून कोरडं वजन १६ ने गुणलं की प्रति चौ. मीटर. ओव्हन असेल तर ८० अंश सेल्सियसला ४८ तास. नसेल तर कागदी पिशवीत उन्हात, आणि लागोपाठ दोन दिवस वजन सारखं येईपर्यंत. कापणी ग आणि घ प्रकारांत अजिबात नाही.

ट्रेंमधली अंतिम मोजणीही आज. ज्या जाती ट्रेमध्ये उगवल्या पण चौकटीत नाहीत, त्यांना बी आहे आणि यंदा योग्य जागा मिळाली नाही. ज्या चौकटीत आहेत पण ट्रेमध्ये नाहीत, त्यांत कंदवाल्या जाती आधी तपासायच्या, मग सुप्तावस्थेत असलेलं बी. ट्रे फेकायचे नाहीत. कोरडे करून झाकून ठेवायचे आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा भिजवायचे.

८ नोव्हेंबर. नोंदींची सुपूर्द

मातीच्या खोलीवरून वनस्पतींचा अंदाज क, ख आणि च प्रकारांत चांगला जुळला. ग आणि घ मध्ये खोली सारखी असूनही वस्ती वेगळी. तिथे ठरवणारी गोष्ट पाणी किती दिवस राहतं ही. म्हणून पुढच्या वर्षी त्या चौकटींत सुईबरोबर दर आठवड्याला पाणी आहे की नाही एवढीच खूण ठेवायची. शाळेतली मुलंसुद्धा ती ठेवू शकतात.

सड्यावर पडलेलं पाणी सच्छिद्र जांभ्यातून मुरतं, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि पायथ्याच्या वाडीत झरे आणि विहिरींना येतं. चिरेखाणीसाठी जागा ठरवताना हे पाणी आणि वरच्या चौकटी एकत्र पाहिल्या जाव्यात. याच कारणाने जाती, जागेचा प्रकार, फुलण्याचा महिना आणि स्थानिक नाव असा तक्ता ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोक जैवविविधता नोंदवहीत लावण्यासाठी दिला. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार ही नोंदवही करणं समितीचं काम आहे. दीपकाडीची नेमकी ठिकाणं त्या तक्त्यात टाकलेली नाहीत, कांदे उपटून नेले जाऊ नयेत म्हणून. ती वेगळ्या बंद पाकिटात समितीकडे आहेत. चौकटींची अंतरं, फोटो आणि खडकांच्या खुणांच्या दोन प्रती केल्या, एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत. पुढची मोजणी मृगाच्या पहिल्या पावसानंतर, दीपकाडीपासून.